तारा विझत नाही, चकती आड येते: वाचकांची प्रश्नोत्तरे

हर्क्युलिस एक्स-1 या एक्स-रे फेकणाऱ्या जोडीतले तारे 1.7 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. मग त्याच्या एक्स-रे तेजात 35 दिवसांचं चक्र कुठून आलं? (चोपडा)

चकतीतून. जोडीतला एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा. सोबतच्या ताऱ्याकडून ओढला गेलेला वायू त्याच्याभोवती चकती होऊन फिरतो आणि ही चकती कलती, पिळलेली आहे. परात फरशीवर गरकन फिरवून सोडा. तिची एक कड उचललेली राहते आणि ती उचललेली बाजूच गोल फिरते. इथे तो फेरा 35 दिवसांचा. कड आड नसली की सुमारे दहा दिवस लखलखाट, मग काळोख, मग थोडे दिवस मंद उजेड, पुन्हा काळोख.

तारा खुद्द विझत नाही हे कशावरून? एक्स-रे दिसेनासे झाले तरी सोबतचा तारा, एचझेड हर्क्युलिस, 1.7 दिवसांच्या तालात उजळतोच. त्याच्या तोंडावर एक्स-रेची धग पडतच असते.

मात्र 35 चा आकडा घड्याळासारखा धरू नका. चक्र कधी 20, कधी साडेवीस, कधी 21 कक्षाफेऱ्यांचं होतं. 1983 आणि 1999 मध्ये तर एक्स-रे कित्येक महिने मंदच राहिले.

आठ इंची दुर्बीण आणि कूलिंगचा कॅमेरा आहे. गच्चीवरून काय जमेल? (शिरपूर)

एक्स-रे वातावरणातच अडतात. पण एचझेड हर्क्युलिस सुमारे 13 ते पावणेपंधरा प्रतींमध्ये हेलकावतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, मोठा तितका तारा मंद), तो जमेल. मे अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास तो डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. 120 सेकंदांचे दहा फोटो घ्या आणि त्याच फ्रेममधल्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी तेज ताडा.

आपल्याकडे घोळ करतो तो उन्हाळा. रात्रीही गच्ची 32 अंशांवर, आणि कॅमेरा उणे 10 वर लावलेला: कूलर शंभर टक्क्यांवर धापा टाकतो, सेन्सरचं तापमान डुलतं, डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेले, सेन्सरचा गोंगाट वजा करायचे फोटो) जुळत नाहीत. सरळ 0 वर लावा. डार्क त्याच तापमानाला, तेवढ्याच सेकंदांचे.

आणि रोज अकरालाच फोटो काढू नका. तसं केलं तर 1.7 च्या जोडीला 2.43 दिवसांचा खोटा आवर्तकाळही तितकाच ठळक दिसतो. वेळ बदलत राहा.

मॅक्सी या एक्स-रे दुर्बिणीच्या डेटात आवर्तकाळ शोधताना एका ताऱ्यासाठी 70 दिवसांच्या आसपास शिखर मिळालं. नवीन काही? (भुसावळ)

आधी संशय उपकरणावर घ्या. मॅक्सी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आहे आणि त्या स्थानकाची कक्षाच सुमारे 70 दिवसांत वळून पूर्ववत येते. जवळपास स्थिर तेजाच्या क्रॅब तेजोमेघाच्या डेटावर तोच पिरिओडोग्राम (आवर्तकाळ शोधणारा आलेख) चालवा. तिथेही शिखर आलं, तर ते ताऱ्याचं नाही.

डेटाचे दोन भाग करून ताडणंही बरं, पण आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच मोडीत काढू नका: एसएमसी एक्स-1 या अशाच दुसऱ्या एक्स-रे जोडीच्या चक्राची लांबी सुमारे 40 ते 60 दिवसांच्या दरम्यान खरोखरच बदलत राहते.