वाचकांचे प्रश्न : छोट्या डिझाइन स्टुडिओचं बिल, हक्क आणि छपाई

प्रश्न (नाशिक) : आमचा तिघांचा स्टुडिओ आहे. एका कारखान्याचं ब्रोशर आणि प्रदर्शनाच्या स्टॉलचं काम करून दिलं. त्यांच्या पीओवर (परचेस ऑर्डर, म्हणजे कामाचा लेखी आदेश) पैसे देण्यासाठी ९० दिवसांची मुदत होती, तीही उलटली. फोन केला की ‘बिल प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. काय करावं?

उत्तर : आधी बिल नेमकं कुठे अडकलंय ते शोधा. पुष्कळदा पैसे कुणी मुद्दाम रोखलेले नसतात. काम मार्केटिंगच्या माणसानं दिलेलं असतं, म्हणून बिलही आपण त्यालाच पाठवतो. अकाउंट्सला मात्र ‘काम मिळालं’ अशी सिस्टीममधली नोंद लागते आणि ती त्यानं केलेलीच नसते. दुसरी नेहमीची कारणं म्हणजे बिलावर पीओ नंबर नसणं, त्यांचा जीएसटी क्रमांक दुसऱ्याच राज्यातल्या शाखेचा पडणं, किंवा पीओपेक्षा बिलाची रक्कम जास्त असणं. स्टॉलचं एक जादा पॅनल तोंडी सांगून करून घेतलं असेल, तर तेवढ्यासाठी सगळं बिल थांबतं. म्हणून ‘पैसे कधी मिळतील’ हा प्रश्न सोडा. बिल बुक झालं का, कोणत्या तारखेला, आणि सिस्टीम ड्यू डेट काय दाखवते, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा.

आता कायद्याचं. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उपक्रम म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. करारच नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० छापल्यानं ते ९० होत नाहीत. दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून, आणि डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरतात. अंतिम फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं होऊ नये ते याचसाठी. तारखेसह ईमेल हवा. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं.

पण पहिल्या पत्रात व्याजाची भाषा नको. त्याहून जास्त परिणाम करणारी तरतूद आयकरात आहे : आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला घेता येत नाही. मार्च जवळ आला की ही गोष्ट त्यांच्या सीएला आपोआप आठवते. बिलाच्या शिरोभागी उद्यम क्रमांक छापा आणि प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडा. नोंदणी फुकट आहे. ती काम घेण्याआधी झालेली असावी, मागाहून केली तर वाद उभा राहतो. एवढ्यानंही हललं नाही, तरच सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करा. त्यानंतर त्या कारखान्याचं पुढचं काम मिळेल असं समजू नका.

प्रश्न (कोल्हापूर) : डिझाइनबरोबर छपाईही आम्हीच करून देतो. प्रेसचं बिल आमच्या नावावर येतं, त्यावर थोडं मार्जिन धरून ग्राहकाला एकच बिल देतो. यात काही चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, पण उलाढालीचा आकडा फुगतो. समजा, वर्षभरात डिझाइनचे १३ लाख आणि छपाईचे ९ लाख झाले. तुमच्या हाती छपाईतून लाखभरच उरले असतील, पण उलाढाल २२ लाख धरली जाते आणि सेवा देणाऱ्यांची २० लाखांची जीएसटी नोंदणीची मर्यादा ओलांडली जाते. वस्तूंसाठीची ४० लाखांची मर्यादा तुम्हाला लागू नाही, कारण ती निव्वळ वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे.

दोन बिलं करून घेणं सोयीचं. प्रेसनं ग्राहकाला थेट बिल द्यावं, तुम्ही डिझाइन आणि छपाई-देखरेख यांचं वेगळं शुल्क लावावं. प्रेसकडून गुपचूप कमिशन घेण्यापेक्षा हे सरळ, आणि पाच हजार पत्रकांचा रंग बिघडला तर पुनर्छपाईचा खर्च तुमच्या गळ्यात पडत नाही. मात्र छापील प्रूफवर ग्राहकाची सही आणि तारीख घ्यायलाच हवी. स्क्रीनवर पाहून दिलेली ‘ओके’ रंगाच्या भांडणात कामाला येत नाही.

जीएसटी नोंदणी असेल, तर एक लाखाच्या बिलाचं गणित असं : १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,०००. व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस (ग्राहकानं बिलातूनच कापून भरायचा आयकर) कापला, तर खात्यात १,०८,००० येतात. टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो, जीएसटीवर नाही. काही अकाउंटंट एकूण रकमेवर कापतात, ते लगेच दाखवून द्या. त्यातले १८,००० सरकारचे, म्हणजे वापरायला ९०,०००. ग्राहकानं पैसे दिले नसले तरी जीएसटी भरावाच लागतो. मासिक विवरणपत्र असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. काम महिनाअखेरीस संपलं, तर बिल १ तारखेचं करा, एक महिना मिळतो. सेवेनंतर ३० दिवसांच्या आत ते निघालं पाहिजे, एवढंच. सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवरही जीएसटी लागतो, हे बरेच जण विसरतात.

प्रश्न (ठाणे) : एका फ्रीलान्सरकडून लोगो करून घेतला, पूर्ण पैसे दिले. आता ग्राहक ट्रेडमार्क नोंदवतोय आणि त्याचा वकील हक्काचा कागद मागतोय. पैसे दिल्याची पावती पुरेल ना?

उत्तर : नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी कर्मचाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं ठरतं. फ्रीलान्सरचं काम लेखी हस्तांतरण होईपर्यंत साधारणपणे त्याचंच राहतं. त्याच्या सहीचा कागद करून घ्या. त्यात नुसतं ‘सर्व हक्क दिले’ लिहू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते संपुष्टात येऊ शकतात, म्हणून ही अटही लागू नाही असं लिहा. लोगोची प्रतिमा, मोबदला, ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ हे सगळं त्या कागदावर दिसलं पाहिजे. मग तसाच दुसरा कागद स्टुडिओकडून ग्राहकाला. त्यात एक वाक्य घाला : हस्तांतरण पूर्ण रक्कम मिळाल्यावर लागू होईल. थकबाकी वसूल करायला याइतकं नेमकं साधन क्वचितच मिळतं.

प्रश्न (सोलापूर) : आमच्याकडे बरोबर दिसणारा मराठी मजकूर फ्लेक्सवाल्याकडे गेला की फुटतो. वेलांट्या सरकतात, रफार दुसऱ्याच अक्षरावर बसतो.

उत्तर : त्यांच्याकडे तुमचा फाँट नाही, किंवा त्यांची कोरल ड्रॉची जुनी आवृत्ती युनिकोड देवनागरी नीट जुळवत नाही. उपाय : मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल स्वतःकडे ठेवा आणि प्रेसला कर्व्ह्ज केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवलेली प्रत द्या (कोरलमध्ये कंट्रोल-क्यू). कर्व्ह्ज केल्यावर पुन्हा एकदा वाचा. ‘ऱ्या’, ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘र्थी’ यांवर खास नजर ठेवा. शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे ‘कम्बाइन’ वापरलं की पांढरी भोकं पडतात, तिथे ‘वेल्ड’ (आकार एकजीव करणं) हवं. अक्षरांवर बॉर्डर द्यायची असेल तर आधी वेल्ड, मग बॉर्डर. नाहीतर प्रत्येक सांध्यावर रेघ उमटते.

बिघाड तुमच्याच संगणकावर होत असेल, तर इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलाय का ते पाहा आणि इलस्ट्रेटरच्या टाइप प्रेफरन्सेसमध्ये इंडिक पर्याय सुरू करा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात, तर प्रूफ सुरुवातीपासून वाचावंच लागतं. जोडाक्षरं तिथेच गळतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजी मथळ्याची ही हौस देवनागरीला मानवत नाही. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे खुल्या परवान्याचे फाँट घेतलेत, तर फाइलसोबत ते ग्राहकालाही देता येतात.

ऑफसेटसाठी लहान काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, के १०० ठेवा. चार रंगांत छापला आणि प्लेट केसभर हलली, तरी मात्रा आणि अनुस्वार भरून जातात. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) द्या.

प्रश्न (रत्नागिरी) : दर ठरवताना तासाचा भाव कसा काढावा?

उत्तर : महिन्याचा सगळा खर्च घ्या, त्यात स्वतःचा पगारही धरा. तो १,६०,००० आहे आणि तुम्ही तिघं आहात असं मानू. २५ दिवस आणि रोज ८ तास म्हणजे कागदावर ६०० तास. पण फोन, कोटेशन, वसुली आणि वीज जाणं वजा करता ३३० तासांचंच बिल निघेल. खर्च सुटतो तो तासाला साधारण ४८५ रुपयांवर. मंदीचे महिने आणि बुडीत बिलं धरून ६०० लावा. ग्राहकाला हा भाव सांगू नका, त्याला कामाची एकरकमी किंमत सांगा. त्यात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरा आणि तिसऱ्या फेरीचा दर कोटेशनवरच लिहा. सगळ्या दुरुस्त्या एका माणसाकडून, एकाच यादीत याव्यात अशी अटही तिथेच घाला. मालक, त्यांचा भाऊ आणि सेल्स मॅनेजर यांच्या तीन वेगवेगळ्या सूचनांत दुरुस्तीचे तास संपतात.