ईबी-५ : आधी पैशांचा माग जुळवा

तुम्ही विचारलंत, ईबी-५ या गुंतवणूकदारांसाठीच्या व्हिसात आठ लाख डॉलर गुंतवले की अमेरिकेचं ग्रीन कार्ड नक्की का, आणि तिथे स्वतःचं रेस्टॉरंट काढावं की कुणाच्या प्रकल्पात पैसे घालावेत. आम्ही याच वाटेने आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

८,००,००० डॉलर हा आकडा मुख्यतः ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागासाठी आहे. एरवी १०,५०,००० लागतात. २०२२ च्या कायद्याने हे ठरलं. शिवाय १० पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहायला हव्यात. रेस्टॉरंट काढलंत तर ही दहा माणसं तुमच्या पगारपत्रकावर दिसावी लागतात. तुम्ही, वहिनी, मुलं त्यात धरली जात नाहीत. रिजनल सेंटरच्या, म्हणजे अनेकांची गुंतवणूक एकत्र करणाऱ्या सरकारमान्य संस्थेच्या, प्रकल्पात अप्रत्यक्ष नोकऱ्याही मोजतात. मला हॉटेल चालवण्याचा अनुभव नव्हता, म्हणून आम्ही तोच मार्ग घेतला.

पण दमछाक होते ती पैसा कुठून आला हे दाखवताना. आमच्या रकमेतला काही भाग सासऱ्यांनी प्लॉट विकून दिला होता. बक्षीसपत्र जोडलं, वाटलं झालं काम. मग अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं: सासऱ्यांनी तो प्लॉट कशातून घेतला होता? खरेदीखत ट्रंकेत सापडलं, पण जुने बँकेचे उतारे मिळायला दोन महिने गेले. ते रोज छत्री घेऊन शाखेत जाऊन बसायचे. त्या वयात त्यांना हे करायला लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही घरच्यांचे कागद आत्ताच काढायला घ्या. विक्रीत रोखीने आलेली रक्कम इथे धरूच नका.

एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. आम्ही दोघांनी मिळून थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवले. तुमच्या बँकेला हे चालतं का, ते आधी विचारा.

परताव्याची हमी देणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. पैसा जोखमीत असणं ही कायद्याचीच अट आहे. हमी घेतलीत तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

पहिलं कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अटी काढून टाकण्याचा अर्ज, आय-८२९, भरायचा.

मुलीचं वय मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. आईवडिलांसोबत कार्ड मिळायला मूल २१ च्या आतलं आणि अविवाहित लागतं. ती सतरा-अठराची असेल तर ग्रामीण प्रकल्पच बघा, तिथे २० टक्के व्हिसा राखीव आहेत, म्हणून ती २१ ची व्हायच्या आत नंबर लागण्याची शक्यता जास्त. वय कळवा, मग पुढचं बोलू.