होलोग्राफिक पडदा, म्हणजे प्रोजेक्टरचं चित्र दाखवणारा पारदर्शक पडदा, नेमका कसा बनवतात? त्यात भिंग असतं का?

भिंग नसतं, भिंगाचं काम करणारी नक्षी असते. काचेवर किंवा फिल्मवर फोटोपॉलिमरचा (प्रकाश पडला की बदलणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचा) पातळ थर देतात. एकाच लेझरचे दोन झोत करतात: एक सरळ, दुसरा दुधी काचेतून विखरून थरावर पडतो. दोन्ही भेटतात तिथे उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात; हीच ती नक्षी. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर समोरासमोरून सोडला, तर पट्ट्यांमधलं अंतर जेमतेम १८० नॅनोमीटर! म्हणूनच खरी डोकेदुखी लेझरची नाही, स्थिरतेची. टेबल किंचित थरथरलं की नक्षी पुसट. शेवटी अतिनील प्रकाशाने थर पक्का करतात. मग ठरावीक कोनातून प्रोजेक्टर मारला की पडदा तो प्रकाश प्रेक्षकाकडे वळवतो. बाकी उजेड आरपार, म्हणून पडदा पारदर्शक दिसतो. रंगीत चित्रासाठी नक्षी उमटवताना सहसा लाल, हिरवा, निळा असे तिन्ही लेझर वापरतात.