परसबागेतून सगळे विषय शिकवणं सोलापुरात जमतं का?

तुम्ही विचारलंय की आपल्याकडच्या कमी पावसात शाळेच्या परसबागेवर भाषा, गणित, विज्ञान शिकवणं जमेल का, आणि सुरुवात कोणत्या भाज्यांनी करावी. जमतं. पण भाज्या नकोत, एकच भाजी घ्या. अंबाडी लावा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. बहुतेक पोरांच्या घरी यंत्रमाग, नाहीतर आई विड्या वळणारी. पहिल्या पावसावर दोन वाफे अंबाडी टाकली. हातभर आल्यावर वर्ग वाफ्याशी नेला आणि नाव विचारलं. जूनपासून तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, ही पुंटीकुरा." तिच्या घरी तेलुगू. लगेच अक्कलकोटकडचा एक जण, "न्हाई, पुंडी पल्ल्या!" त्याच्या घरी कानडी. मग वर्गच भांडायला उठला. पुंडी आणि पुंटी इतकी सारखी कशी, मग मराठीत अंबाडी का, आंबट म्हणून का? तो तास मी घेतलाच नाही, पोरांनी घेतला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं आईला विचारून भाजीची कृती मराठीत लिहून आणली. अकरा ओळी. वर्षातलं तिचं पहिलं स्वतःचं लिखाण.

तेव्हा मुख्याध्यापक दारात उभे होते. म्हणाले, "बाई, हा भाषेचा तास आहे की भाजीचा बाजार?" पुढच्या वर्षी तपासणीच्या आधी वाफ्यांवर पेव्हर ब्लॉक बसले. हे अजून सलतं. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवावेत हे गांधीजींनी १९३७ सालीच वर्ध्यात मांडलं होतं, मी काही नवं खूळ काढलं नव्हतं.

विज्ञानासाठी हळदीचा कागद चुन्याच्या निवळीनं लाल करा, वर अंबाडीच्या पाल्याचा रस टाका, परत पिवळा होतो. अंबाडीची जून झालेली खोडं पाण्यात कुजवली की वाख, म्हणजे दोरीचा धागा, सुटतो. मागवाल्यांची पोरं त्याचा पीळ बघून जे प्रश्न विचारतात ते पुस्तकात नसतात. गणित पाण्याचं घ्या, कारण नळाला रोज पाणी नसतं आणि पत्र्यावरचं धरावंच लागतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. पत्रा ६० चौरस मीटर, पाऊस १५ मिलिमीटर, म्हणजे ९०० लिटर. पिंपात कमीच भरेल. बाकीचं कुठं गेलं ते पोरांना शोधू द्या.

बाग कार्यानुभवाच्या एकट्या शिक्षकावर सोपवली की ती मेलीच समजा. हां, पाढे मात्र वाफ्यावर पाठ होत नाहीत, ते वेगळेच घ्यावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हेही आधीच ठरवा. आणि खुरपं हातात देण्याआधी पालकांना बोलावून वाफा दाखवा, नाहीतर "पोराला मजुरीला लावलं" म्हणून तक्रार येते.

पाठाच्या टाचणात "परसबाग" असं मोघम लिहू नका. "मराठी, कृती लिहिणे" असं लिहा, मुलांचे कागद त्यालाच टाचून ठेवा आणि कुणी दारात येऊन विचारलं की पुढे करा. त्या दिवशी त्या अकरा ओळी माझ्या हातात होत्या, आणि मी त्या पुढे केल्या नाहीत.