जपानची गाडी, एजंटचा अहवाल आणि तुमच्या नावची नोटीस

प्रश्न : मी सांगलीचा. घरच्या वापरासाठी मुंबईच्या एका एजंटमार्फत जपानमधली वापरलेली गाडी ठरवली आहे. ११ लाख आगाऊ दिलेत. उरलेली रक्कम गाडी जहाजावर चढण्याआधी द्यायची असं करारात आहे. मी त्रयस्थ तपासणी मागितली, तर एजंट म्हणतो, ‘ऑक्शन शीट (लिलावघराने लिहिलेला गाडीच्या स्थितीचा कागद) आहे, आणि मुंबईत उतरल्यावर सरकारी तपासणी होतेच.’ आयात माझ्याच नावावर आहे. पैसे अडवू का?

उत्तर : थांबवा, पण ‘देत नाही’ असं लिहू नका, ‘तपासणी झाली की लगेच देतो’ असं लिहा. करारात पैसे आधी द्यायचं तुम्ही कबूल केलंय, त्यामुळे साफ नकार तुमच्यावरच उलटू शकतो. गाडी अजून जपानात आहे, हे तुमचं नशीब. माझ्याकडे लोक येतात ते गाडी मुंबई बंदरात उभी राहून डेमरेज (बंदरात गाडी अडकून राहिल्याचं भाडं) चढायला लागल्यावर.

एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे. वापरलेली गाडी मुंबई बंदरातूनच आणावी लागते आणि कस्टम्सने सोडण्याआधी ती पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. पण तिथे पाहतात ते गाडी आपल्या मोटार वाहन नियमांत बसते की नाही, एवढंच. गिअरबॉक्स किती दिवसांचा सोबती आहे, पत्रा ठोकून रंगवलाय का, मीटर मागे फिरवलंय का, याची हमी ती संस्था तुम्हाला देत नाही. जहाजावर चढण्यापूर्वीचं सक्तीचं प्रमाणपत्रही नियमांपुरतंच. जपानी लिलावघरांची शीटं एरवी बरीच काटेकोर असतात, पण तुमच्याकडे आहे तो व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो!

मला खरं खटकलं ते वेगळंच. एजंटने गाडीचं वय पहिल्या नोंदणीपासून मोजलंय : २ वर्षं ८ महिने. आयात धोरणात ३ वर्षांची मर्यादा उत्पादनाच्या तारखेपासून आहे. कारखान्यातून निघालेली गाडी विक्रीआधी चार-पाच महिने पडून राहिली असेल तर? वर जहाजाचा प्रवास. जपानच्या देशी बाजारातल्या गाड्यांचा चॅसी नंबर आखूड असतो, त्यात वर्षाचं अक्षर नसतं. महिना मुद्दाम शोधून काढावा लागतो. मर्यादा ओलांडली, तर कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम १११(ड) खाली गाडी जप्तीस पात्र, कलम ११२ खाली दंड वेगळा. कलम १२५ प्रमाणे रक्कम भरून ती सोडवता येईल का, हे अशा निषिद्ध मालाच्या बाबतीत अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. आणि नोटीस एजंटला नाही, आयातदाराला येते. म्हणजे तुम्हाला.

तेव्हा निरीक्षक तुम्ही नेमा, फी तुम्ही भरा, अहवाल थेट तुमच्याकडे येऊ दे. उत्पादनाचा महिना, गाडीच्या जुन्या जपानी कागदांवरच्या किलोमीटरच्या नोंदी आणि खालचा सांगाडा, एवढं त्याच्याकडून लेखी घ्या. उरलेली रक्कम शक्यतो एलसीने (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद हाती आल्यावरच बँक विक्रेत्याला पैसे देते) द्या आणि निरीक्षकाचं नाव एलसीत घाला. नुसतं ‘तपासणी प्रमाणपत्र’ लिहिलंत, तर विक्रेत्याच्या माणसाने दिलेला कागदही बँक चालवून घेईल. बँक कागद बघते, गाडी नव्हे.

आता ११ लाखांचं. ‘मी मधला माणूस, विक्रेता जपानात’ असं एजंट उद्या म्हणेलच. पण करार कायदा, १८७२ च्या कलम २३० नुसार, परदेशी व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री करणारा एजंट स्वतः बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. करारात उलट लिहिलं असेल तर मात्र हे गृहीतक टिकत नाही. म्हणून ‘आमची वैयक्तिक जबाबदारी नाही’ अशा मजकुराचा नवा कागद आला तर सही करू नका. गाडी घरच्या वापरासाठी आहे, त्यामुळे तक्रार सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते : दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. विकायला आणत असाल, तर हा रस्ता बंद.

एजंटला आजच ईमेल करा. त्यात एकच प्रश्न विचारा : उत्पादनाचा महिना कोणता, आणि तो कोणत्या कागदावरून सांगताय? चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर तो ईमेल आणि करार घेऊन या. नोटीस तिथूनच सुरू करू.