शोधताना शब्द कुठले टाकायचे?

प्रश्न : आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन मध्येच थांबतं, ड्रममधलं पाणी तसंच राहतं. गूगलवर 'मशीन खराब झाले आहे काय करावे' असं टाकलं, तर नव्या मशीनच्या जाहिराती आल्या. मुलीला मात्र सगळं चटकन सापडतं. माझं काय चुकतंय?

उत्तर : जे मला सांगितलंत, ते गूगलला सांगितलं नाहीत, एवढंच! 'ड्रममधलं पाणी तसंच राहतं' हे तुमच्या पत्रात आहे, शोधात नाही.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयाच्या काउंटरवर गेली. 'विज्ञानाची पुस्तकं कुठायत?' असं विचारत कुणी यायचं आणि दहा मिनिटं बोलल्यावर कळायचं, त्याला ग्रहणाचे फोटो कसे काढायचे ते हवंय. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली यावर लेख लिहिला होता : समोरच्याकडे काय मिळेल याचा अंदाज घेऊन माणूस आपला प्रश्न आधीच छाटतो. काउंटरवर मी उलट विचारायचे, 'नक्की कशासाठी हवंय?' गूगलची चौकट सहसा तसं विचारत नाही. ते तुम्हीच स्वतःला विचारायचं.

आता 'वॉशिंग मशीन पाणी बाहेर टाकत नाही' असं टाका. 'काय करावे' गाळलंत तरी चालेल. निकाल नुसते चाळलेत तरी 'ड्रेन पंप' (पाणी बाहेर टाकणारा पंप), 'ड्रेन फिल्टर' (त्या वाटेवरची गाळणी) असे शब्द दिसतील. पहिल्या खेपेला उत्तर नाही मिळालं तरी हरकत नाही, हे शब्द मिळाले की काम झालं. दुसऱ्या खेपेला तेच टाका, सोबत मशीनच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर. मशीनच्या पडद्यावर एखादा एरर कोड (बिघाडाची खूण) लुकलुकत असेल तर तोही, जसाच्या तसा. (तुमची लेकही बहुधा दोन-तीनदा शोधत असणार, फक्त तुम्हाला शेवटचंच दिसतं.) मराठीत फार काही आलं नाही, तर हेच शब्द इंग्रजी लिपीत टाकून बघा.

मॉडेल नंबर दुहेरी अवतरणात टाकलात, तर तो नंबर असलेलीच पानं येतात. नको त्या शब्दाआधी उणे चिन्ह द्यायचं, मध्ये जागा न सोडता. बाकीच्या खुणा तूर्त राहू द्यात.

ड्रेन फिल्टर उघडून बघायचा झाला, तर तो बहुतेक मशीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागे असतो. उघडण्याआधी प्लग काढा, आणि खाली पसरट ताट ठेवा. ड्रममधलं सगळं पाणी तिथूनच येणार आहे.