पेटीची सवय आणि पियानोवरचा डावा हात

प्रश्न : मी 54 वर्षांची. शाळेत असताना पेटी शिकले, भजनी मंडळात अजून साथ करते. पियानो शिकायचं मनात राहून गेलं होतं, ते आता सुरू केलं. दीड महिना झाला. उजवा हात लगेच चालतो. डावा सोबत आला की दोन्ही अडखळतात. माझ्यानंतर आलेली नऊ वर्षांची मुलं पुढे गेली. या वयात दोन्ही हात जमतील का? घरी कोणतं वाद्य घ्यावं? परीक्षा द्यावी का?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, पेटी वाजवताना तुमचा डावा हात कुठे असतो? भात्यावर. म्हणजे पट्ट्यांवर उजव्याला चाळीस वर्षांचा सराव आणि डाव्याला दीड महिन्याचा. त्या मुलांचे दोन्ही हात सारखेच नवे आहेत. अडचण वयाची नाहीच. तुमचे हात नक्की जमतील.

कॅम्पात माझ्याकडे शिकायला येणारी पेटीवाली माणसं मी पहिल्याच तासाला ओळखते. चाल झरझर काढतात आणि पट्टी दाबून धरतात, सूर टिकेल म्हणून. पियानोत हातोडी तारेवर पडून मागे फिरते आणि सूर लगेच विरायला लागतो. पेटीत आवाज लहानमोठा करतो तो भाता. इथे पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर सगळं. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवलं. हळू आणि मोठ्याने वाजतं, म्हणूनच त्याला पियानोफोर्टे (हळू-मोठ्याने) हे इटालियन नाव पडलं. तेव्हा तुमच्या उजव्या हातालाही शिकण्यासारखं बरंच आहे.

सराव असा करा. धड्यातले दोनच बार (उभ्या रेघांमधले तुकडे) घ्या. डाव्या हाताचे एकटे वाजवा, पुस्तकात न बघता येईपर्यंत. मग डावा वाजत असताना उजव्याची ओळ तोंडाने गा. वाजवता वाजवता गाण्याची तुम्हाला सवय आहे, मुलांना ती नसते. गळा आणि डावा हात जुळले की मगच उजवा आणा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवा. रोज सकाळी वीस मिनिटं पुरेत; रविवारी एकदम दोन तास बसून तो परिणाम येत नाही.

एक जुनी सवय मात्र आड येईल. भजनात सा काळी चारला धरला काय नि पांढरी पाचला, सा तो सा. पियानोच्या पाश्चात्त्य नोटेशनमध्ये पांढरी एक कायम सी, काळी चार कायम जी शार्प (किंवा ए फ्लॅट). वाचताना मनात सारेगम म्हणू नका, नाहीतर जी मेजरचा (म्हणजे सा जीवर धरलेला) धडा आला की घोटाळा होतो.

वाद्य घ्याल तर 88 पट्ट्यांचा, वजनदार (खऱ्या पियानोसारख्या जड दाबल्या जाणाऱ्या) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हेडफोन लावून पहाटेही वाजवता येतो. 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर बोटं पुन्हा पेटीच वाजवू लागतात. जुना अपराइट (तारांचा उभा पियानो) स्वस्तात मिळाला तरी एवढ्यात नको. त्यात दोनशेहून अधिक तारा, आणि पुण्याचा कोरडा एप्रिल नि ओला जुलै लाकडाला सोसत नाही, सूर उतरतात. माझा मी दर वर्षी होळीनंतर आणि गणपती झाले की असा दोनदा सुरात लावून घेते.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड (पायरीपायरीच्या) संगीत परीक्षांना वयाची अट नाही. पण पहिलं वर्षभर थांबा.

भजनी मंडळ सोडू नका. तिथली एखादी संथ चाल निवडा. डाव्या हाताने नुसते सा आणि प, उजव्याने चाल. दर आवर्तनाला सा-प पुन्हा वाजवा, इथे सूर भरायला भाता नाही. आणि तुम्ही पेटी वाजवता हे शिक्षकांना सांगितलं नसेल, तर येत्या तासाला आधी ते सांगा.